व्याही कधी जाणार

आबा,

काल दुपारी एका फंडाच्या माणसाचा फोन आला आणि तेव्हापासून मी तुमच्यावर चिडले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता कसला राग धरतेस, असं आई म्हणाली असती. पण राग आला तर काय करू? सकाळपासून शेडमध्ये एक काम धड झालं नाही. बेअरिंग उलटं बसवलं, पुन्हा काढलं, ग्रीसचा डबा पायाने लवंडला, आणि शेवटी हात पुसून हे लिहायला बसले. तुम्हाला पत्र लिहायची मला सवय नाही. होस्टेलवर असताना एकदा लिहिलं होतं, तर उत्तर म्हणून तुम्ही एसटीच्या कंडक्टरबरोबर शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा पाठवलात आणि वर निरोप, 'अक्षर चांगलं हाय'. तेव्हा आज उत्तराची अपेक्षा नाही. फक्त एकदा सगळं बोलून टाकायचं आहे, कारण तुम्ही असताना तुमच्यासमोर कुणालाच पूर्ण बोलता येत नसे. माणूस अर्ध्यावर आला की तुम्ही त्याला भाकरी वाढायचात.

पिंपरीच्या कारखान्यातलं लेथवरचं काम सोडून तुम्ही पिंपळवंडीला परत आलात तेव्हा मी शाळेत होते. नव्वदीची सुरुवात असेल. आई आणि शेजारच्या बायका उकिडव्या बसून दिवसभर कांदा निवडायच्या, मोठा वेगळा, मध्यम वेगळा, बारकी गोल्टी वेगळी, आणि संध्याकाळी उठताना एकमेकींचा हात धरायच्या. ते बघून तुम्ही जुनी पिंपं कापली, त्यांना लहानमोठी भोकं पाडली, सायकलची चेन लावली आणि फिरणारी चाळण तयार केली. एका तोंडातून कांदा ओतायचा, चाळण फिरायला लागली की आधी गोल्टी गळते, मग मध्यम, आणि मोठा कांदा सरळ दुसऱ्या तोंडातून पोत्यात. पहिल्यांदा फिरवली तेव्हा निम्मा कांदा अंगणभर उडाला होता आणि आई म्हणाली होती, "निवडायची व्हती का पेरायची?" तुम्ही आठवडाभर तिच्याशी बोलला नव्हतात. मग रबराचं अस्तर लावलंत आणि ती चाळण सरळ झाली.

तुमचं खरं डोकं मात्र यंत्रात नव्हतं, ते पाठवणीत होतं. चाळण विकली असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. "लेक सासरी चालली," म्हणायचात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ती चढवली की आई तिच्या तोंडात खण, नारळ आणि ओंजळभर तांदूळ घालून ओटी भरायची. घेणारा शेतकरी तो व्याही. गिऱ्हाईक हा शब्द वर्कशॉपमध्ये कुणी उच्चारला तर तुम्ही असं बघायचात की त्याने शिवी दिली असावी. आणि हंगाम संपला की प्रत्येक चाळण माहेरपणाला यायची. चार दिवस राहायची, तेलपाणी व्हायचं, झिजलेलं बेअरिंग बदललं जायचं, गंजलेल्या जागी रंग लागायचा, आणि परत जायची. त्याचे पैसे नाहीत. लेक माहेरी आली म्हणून तिच्या जेवणाचे पैसे सासरकडून घेतात का, हा तुमचा सवाल. महाळुंगे पडवळचा तो उंच व्याही चाळण आणताना दरवर्षी बटाट्याचं पोतं आणायचा आणि तुम्ही दोघं ओट्यावर बसून चाळणीच्या तब्येतीबद्दल असे बोलायचात, की नवीन माणसाला वाटावं आतल्या खोलीत खरंच कुणी बाळंतीण आहे. मी हसायचे. पण जाहिरातीचा एक कागद न छापता तुमची चाळण दोन तालुक्यांत पोचली ती याच जोरावर, हे मला पुण्याहून डिप्लोमा करून परत आल्यावर कळलं.

मी आले तेव्हा वर्कशॉपमध्ये तळेघरकडचा तो फिटर होता. डोंगरातून पायी उतरून एसटी गाठायचा, आठवडाभर इथेच राहायचा आणि शनिवारी घरी भाताच्या कामाला जायचा. त्याच्या पाठोपाठ त्याच्या गावची आणखी पोरं आली. तुम्ही त्यांना वेल्डिंग शिकवलंत, पगार दिलात, आणि पगाराला उशीर झाला की स्वतः तोंड लपवून मळ्यात जाऊन बसलात. उशीर दरवर्षी व्हायचा. चाळण मागायला माणसं दारात उभी आणि पत्रा आणायला हातात काही नाही, अशी आपली गत. बँकेचा साहेब म्हणायचा जमीन तारण ठेवा. जमिनीला हात लावायचा नाही, हे आईने बजावलेलं. मला वाटायचं यातून बाहेर कसं पडायचं, आणि तुम्हाला वाटायचं देव बघतोय.

मग तो आला. नारायणगावच्या कृषी प्रदर्शनात त्याने आपली चाळण पाहिली आणि दुसऱ्याच आठवड्यात गाडी घेऊन दारात. पोरसवदा, पुण्यातला, पण बूट बाहेर काढून आत आला आणि पाटावर मांडी घालून बसला. तिथेच तुम्ही त्याला पास केलंत. तो व्हेंचर कॅपिटलबद्दल बोलत होता. आम्ही कर्ज देत नाही काका, आम्ही भांडवल घालतो, तुमच्या धंद्यात हिस्सा घेतो, तारण काही नको, बुडालं तर आमचंही बुडालं. मी तुम्हाला सांगितलं की मराठी पेपरात याला साहस भांडवल म्हणतात. तुम्ही विचारलंत, "साहस कुणाचं मंग? त्येंचं का आपलं?" तो मनापासून हसला, तुम्हीही हसलात. तुम्ही त्याचा हात धरून म्हणालात, "म्हंजी तुमी आमचं व्याहीच झालं की राव."

त्या दिवशी आईने मासवडी केली होती. मला आजही तो रश्श्याचा वास येतो. तुम्ही, तो, आणि मी वाढायला. मी वाटी ठेवताना त्याला विचारलं, "तुम्ही आमच्यात किती वर्षं राहणार?" त्याने घास खाली ठेवला. आबा, मी शपथेवर सांगते, तो उत्तर द्यायला लागला होता. "त्याचं असं आहे, की आमच्या फंडाची एक मुदत असते, त्यानंतर आम्हाला..." आणि तुम्ही मध्येच, "ते ऱ्हाऊ द्या वं पावणं, भाकर घ्या आजून येक. लाजू नगा." तो थांबला, भाकरी घेतली, आणि ते वाक्य तिथेच राहिलं. नंतर तुम्ही स्वयंपाकघरात आलात. आवाज खाली, पण डोळे असे की माझ्या हातातला चमचा पडला. "दारात आल्याल्या मान्साला जायचं इचारत्यात का गं? कंदी जानार म्हून? पुन्यात ह्येच शिकीवलं का तुला? व्याह्याचा आसा आपमान आपल्या घरात कवा झाला न्हाई." मी म्हटलं, आबा, हा धंदा आहे. तुम्ही म्हणालात, "मंग धंद्यात काय मान्सं नस्त्यात?"

मी चमचा उचलला आणि पुन्हा वाढायला गेले. आपल्याकडे पाहुण्याला जायचं विचारत नाहीत हे मला मान्य आहे. तो उठायला लागला तरी 'बसा की, काय घाई आहे' म्हणायचं, हेही मान्य. पण हा पाहुणा जाण्यासाठीच आला होता. त्याच्या धंद्यात येण्यापेक्षा जाण्याला महत्त्व. त्याचे पैसे तरी कुठे त्याचे होते? ते दुसऱ्या कुणाचे, त्यांना ठरल्या मुदतीत वाढवून परत द्यायचे. आपल्या पाटावर बसलेला तो माणूसच मुळी कुणाचा तरी पाहुणा होता. हे सगळं तो एका वाक्यात सांगणार होता आणि तुम्ही त्याच्या ताटात भाकरी टाकलीत.

करार इंग्रजीत होता. मी रात्ररात्र वाचला आणि तुम्हाला सांगितलं की त्यात बाहेर पडायचं कलम आहे, आपल्याला विकायला भाग पाडायचंही कलम आहे. तुम्ही म्हणालात, "आगं, लग्नातबी याद्या करत्यात. म्हून काय संसार यादीवर चालतो व्हय?" सहीच्या दिवशी तुम्ही त्याला टोपी घातलीत, उपरणं दिलंत आणि व्याहीभेट करतात तसं कडकडून मिठीत घेतलंत. त्याच्या ऑफिसातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो गमतीचा कार्यक्रम वाटला. टोपी त्याच्या डोक्यावर वाकडी बसली होती आणि तुमच्या डोळ्यांत पाणी होतं.

सुरुवातीला चांगलं झालं, हे लिहायला हवं. पगार वेळेवर व्हायला लागले. पत्रा वाकवायचं मोठं यंत्र आलं, बायकांसाठी संडास झाला, तळेघरची पोरं पहिल्यांदा प्रॉव्हिडंट फंड कापून पगार घ्यायला लागली. तुम्ही गावभर सांगत फिरायचात की आमचे व्याही लई मोठ्या मनाचे. मग पुण्याहून मॅनेजर आला. त्याने सगळ्या खर्चाचे रकाने पाडले आणि माहेरपण पडलं 'मोफत दुरुस्ती' या रकान्यात. मी त्याला पाठवणी, ओटी, सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, मॅडम, भावना कळतात, पण दरवर्षी विकलेला माल परत आणून फुकट नीट करून देणारी कंपनी वाढणार कशी? लोकांनी जुनी चाळण टाकून नवी घेतली पाहिजे. पुढच्या हंगामानंतर व्याह्यांना एक फोन नंबर देण्यात आला. त्या नंबरावर गाणं वाजायचं.

कंपनी वाढवायची म्हणजे माल खपवायचा, आणि इतके कांदेवाले व्याही आणायचे कुठून? तिथे पुढारी आला. आपल्या भागातला तो पुढारी तोवर आपल्या दारातून शंभर वेळा गेला असेल, कधी चहाला थांबला नव्हता. पण फंडाच्या पैशाचा वास लागला आणि तो थांबला. चाळण सरकारी अनुदानाच्या यादीत बसली, ती त्याच्या शिफारशीने. बदल्यात भरती त्याच्या चिठ्ठीवर. नवा कारखाना चाकणला, त्याच्या ओळखीच्या जागेवर. उद्घाटनाला तो भाषणात म्हणाला की आमच्या मातीतल्या उद्योगाला आम्ही जगाच्या भांडवलाशी जोडलं, आणि फंडाचा माणूस शेजारी बसून मान डोलावत होता. त्याला सगळं दिसत होतं, पण त्या वर्षीचा खपाचा आकडा छान होता. तळेघरच्या पोरांना सांगितलं, चाकणला या, ठेकेदाराकडे नाव लावा. ज्यांनी आपल्याकडे वेल्डिंगचा हात बसवला ती पोरं तिथे गेटवर रोजंदारीच्या रांगेत उभी. आणि चाळणी कुठे गेल्या? जिथे पुढाऱ्याला मतं हवी होती तिथे. आबा, तळेघरला चाळणी वाटल्या! जिथे भात आणि नाचणी पिकते, जिथे लोक कांदा बाजारातून विकत आणतात, तिथे कांदा निवडायची यंत्रं. आपल्याकडेच राहिलेला फिटर सोमवारी गावाहून आला आणि हसू दाबत म्हणाला, "आबा, तुमची लेक आमच्या गावाला दिली. कोंबड्या बसत्यात तिच्यात." सगळे हसले. तुम्ही उठून आत गेलात.

त्या दिवशी तरी तुम्ही त्या माणसाला फोन करून झापायला हवं होतं. मी नंबर लावून दिला होता. तुम्ही विचारलंत, "जेवला का रं बाबा? आई कशी हाय?" आणि फोन ठेवला.

मग त्यांची मुदत भरली. शेअरबाजारही तेव्हा पडलेला होता, पण तो पडला नसता तरी ते गेलेच असते. मॅनेजर म्हणाला, फंड एक्झिट घेतोय. तुम्ही मला विचारलंत, "येक्झिट म्हंजी काय गं?" मी म्हटलं, बाहेर जायचं दार, थेटरात लाल अक्षरांत लिहिलेलं असतं तसं. तुम्ही म्हणालात, "आसं व्हय. मंग परत कवा येत्यात?"

मी तेव्हा तिथून निघून गेले. तुम्हाला वाटलं असेल कामाला गेली. मी पत्र्याच्या ढिगामागे उभी राहून दातओठ खात होते. चाळण आणि तिचं नाव, दोन्ही दुसऱ्या मोठ्या कंपनीला विकली गेली. त्यांना आपलं वर्कशॉप नको होतं, अनुदानाच्या यादीतली जागा हवी होती. पिंपळवंडीच्या दाराला कुलूप लागलं. आणि व्याह्यांना हे कोण सांगणार? फोन नंबर दिला होता तरी हंगाम संपला तसे ते दारातच आले. महाळुंगे पडवळचा तो उंच व्याही ट्रॉलीत चाळण घेऊन आला, वर बटाट्याचं पोतं. कुलपासमोर हॉर्न वाजवत राहिला. तुम्ही घरात होतात. आईला म्हणालात, सांग गावाला गेलेत. तो बराच वेळ थांबला, मग बटाट्याचं पोतं ओट्यावर ठेवून चाळण तशीच परत घेऊन गेला. तुम्ही खिडकीतून बघत होतात. दारात आलेली लेक परत गेली, एवढंच तुम्ही बोललात आणि दोन दिवस जेवला नाहीत. पुढच्या वर्षी तुम्हीच गेलात. दहाव्याला सगळे व्याही होते, नदीकाठी उभं राहायला जागा नव्हती. फक्त ज्याला तुम्ही टोपी घातली होती तो नव्हता. एक्झिटनंतर तो एकदाही फिरकला नव्हता, तरी तुम्ही शेवटपर्यंत काय म्हणत होतात? "त्याच्या घरी काय आडचन आसंल." मला त्याचा जेवढा राग येत नाही तेवढा या वाक्याचा येतो.

आता मी शेड टाकलीय, आपल्याच मळ्याच्या कडेला. आपलं नाव लावता येत नाही, ते विकलं गेलं. बोर्डावर काहीच लिहिलेलं नाही, तरी हंगामानंतर चाळणी येतात. तुम्ही बनवलेल्या येतात, त्या चाकणच्या कारखान्यातल्या येतात, त्यांची पातळ पत्र्याची पोटं फाटलेली असतात. सगळ्यांचं माहेरपण करते. तळेघरचा फिटर परत आलाय, केस पिकलेत, अजून शनिवारी घरी जातो. गेल्या महिन्यात म्हणाला, "ताई, नवी चाळण बनवायची का आपुन? हात शिवशिवत्यात." मलाही करायची आहे. त्याच्या गावची पोरं अजून ठेकेदाराकडेच आहेत, त्यांना परत आणायचं आहे. पण पत्रा आणायला हातात काही नाही, आणि बँकेचा साहेब, नवा असला तरी, जमीनच मागतो. म्हणजे फिरून आपण तिथेच.

म्हणून काल फोन आला तेव्हा मी तो कापला नाही. हाही पुण्याचाच, हाही गोड बोलणारा. असा फोन कधीतरी येणार हे धरून मी इतकी वर्षं एक प्रश्न तयार ठेवलाय. फिटरलाही माहीत आहे तो. फोन वाजला तेव्हा तो समोरच उभा होता आणि हाताने खुणा करत होता, आधी ते इचारा, आधी ते इचारा. तुम्ही कधी जाणार? एवढंच. नमस्कार नंतर, चाळण नंतर, आधी हे. तुम्ही नाही, तुमची भाकरी नाही, मला अडवायला या घरात आता कुणी नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही आणि असती तरी टाकलं नसतं, कारण पुढचं वाक्य वाचून तुम्ही हसाल. मी तो प्रश्न विचारायच्या आधीच तो म्हणाला, बुधवारी सकाळी येऊन तासाभरात निघेन. आबा, मी म्हणाले, "असं कसं? जेवल्याशिवाय सोडणार नाही. मासवडी करते."